सादळलेला चिवडा आणि न थिजणारं जेल

मॅडमनी बाटली उलटी धरली. आतलं सगळं सरळ झाकणावर आलं.

"मावशी, हेही पातळच," त्या म्हणाल्या आणि चौथी बाटली स्टँडमध्ये ठेवली.

जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये मी बाटल्या धुते, लेबलं चिकटवते. केतकी मॅडम तिथल्या सायंटिस्ट, नागपूरच्या. आख्ख्या मजल्यावर मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. तरी त्या विचारतील तेवढंच मी बोलते.

काम त्यांनीच मला समजावून सांगितलं होतं. आयॉनिक लिक्विड म्हणजे एक प्रकारचं मीठच, पण खोलीतही पातळ राहणारं. ते उडून जात नाही. त्यात पॉलिमर विरघळवायचं. पॉलिमर म्हणजे लांब साखळी. आमच्या साखळीचा मधला तुकडा एका जातीचा, दोन्ही टोकं दुसऱ्या जातीची. गरम असताना सगळी साखळी विरघळलेली असते. गार झालं की टोकांना ते लिक्विड नकोसं होतं, ती एकमेकांना चिकटतात, जाळं होतं आणि सगळं थिजतं. तेच जेल. परत गरम केलं की परत पातळ. बाटली उलटी करून बघायची, हललं नाही तर जमलं.

आधी जमत होतं, पण गेले तीन दिवस जमत नव्हतं. गुरुवारी क्लायंट येणार होते.

मंगळवारी कंपनीचे मालक माथुर सर दारात उभे राहिले. "केतकीजी, गुरुवार तक नहीं जमा तो प्रोजेक्ट बंद. फिर मैं आपको किस काम पर रखूँ?"

"जमेगा, सर," मॅडम म्हणाल्या. सर गेल्यावर त्यांनी वजनकाटा तिसऱ्यांदा तपासला. थर्मामीटर बदलला. पॉलिमरच खराब आलंय, असं त्यांचं मत झालं.

दुपारी त्यांनी लॅबमधल्याच काचेच्या आडोशापलीकडच्या टेबलाचा ड्रॉवर उघडला. मी आणलेला चिवडा तिथे वाटीत असतो.

"मावशी, हा सादळलाय."

मी चाखला. खरंच मऊ होता. जयपूरच्या उन्हाळ्यात चिवडा उघडा ठेवला तरी कुरकुरीत राहतो. त्याच घाण्यातला चिवडा शास्त्री नगरला माझ्या घरी कडकडीत होता. इथेच काय झालं?

मग माझं लक्ष कूलरकडे गेलं. लॅबचा एसी बंद पडला होता. मॅडमच्या मानेवर घामोळं आलेलं बघून मीच स्टोअरमधला कूलर ओढून आणला होता. रोज सकाळी तीन बादल्या पाणी मीच भरत होते.

तासभर मी एकच बाटली पुसत बसले. सांगितलं तर माझी चूक निघणार. नाही सांगितलं तर मॅडम जाणार.

"मॅडम, कूलर आल्यापासून चिवडा सादळतोय."

"बरं."

"जेलही तेव्हापासूनच थिजत नाहीये."

त्यांनी पेन खाली ठेवलं. कूलरकडे बघितलं. मग ढवळायला ठेवलेल्या उघड्या बाटल्यांकडे. इथली हवा इतकी कोरडी, की ढवळताना झाकणांचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता.

"मीठच ते, हवेतलं पाणी ओढणारच," त्या म्हणाल्या. "आणि पाणी मिळालं की टोकं परत विरघळतात. मी उगाच पॉलिमरला शिव्या घालतेय."

"पाणी मी भरलं, मॅडम."

"वारा कोण खात होतं? मीच ना?"

कूलर लगेच माथुर सरांच्या केबिनमध्ये रवाना झाला. बुधवारी दिवसभर लिक्विड व्हॅक्यूम ओव्हनमध्ये, म्हणजे आतली हवा ओढून घेणाऱ्या भट्टीत, वाळवलं. मॅडमनी घाम पुसत नवीन जेल केलं, झाकणं घट्ट लावून.

गुरुवारी क्लायंटनी बाटली उलटी केली. काही हललं नाही. त्यांनी ती गरम पाण्यात धरली, आतलं वाहू लागलं. गार केली, पुन्हा थिजलं. लहान मुलासारखं त्यांनी तीनदा केलं. मी कपाटाआड उभी राहून हसत होते.

"आखिर किया क्या?" माथुर सरांनी विचारलं.

"मावशी के चिवड़े ने बताया," मॅडम म्हणाल्या आणि हाताला धरून मला पुढे आणलं.

सरांनी चिवडा मागवला, दोन वाट्या खाल्ल्या. कूलर मात्र परत दिला नाही.

आता लॅबमध्ये हवेतला ओलावा मोजायचा मीटर आहे. ड्रॉवरमध्ये चिवडाही असतो. सकाळी मी दोन्ही बघते. अजून तरी त्यांचं एकमेकांशी पटतंय.

मी शिकले ते एवढंच: कुणाला गार वारा द्यायचा असेल, तर आधी त्याच्या बाटल्यांची झाकणं लावावीत.