गोणपाटाआडची तांबू

कौसाबाईंना धाकट्या जावेचं काही म्हणजे काही बघवत नसे. तापीकाठच्या त्या गावात दोघींचे गोठे एकाच अंगणात. ममताने गाय आणि कालवड आणली, त्याच दिवशी कौसाबाईंनी मध्ये गोणपाटांचा पडदा टांगला. नजर लागेल ना हो!

पुढे ममताची गाय पहिल्याच वेळी गाभण राहिली. कौसाबाईंची तांबू मात्र दरवेळी उलटायची, गाभ धरायचीच नाही. ती हंबरली की बाई लगेच डॉक्टरांना फोन करायच्या, डॉक्टर येऊन कृत्रिम रेतनाने तिला भरवून जायचे, आणि काही आठवड्यांनी तांबू पुन्हा माजावर.

शेवटी नवरा सुकलाल जेवता जेवता म्हणाला, "आते उलटनी त इकी टाकसू." तांबूला विकायचं ऐकून कौसाबाईंनी ताट बाजूला सारलं. तांबूला त्यांनी वासरू असल्यापासून वाढवलं होतं.

त्यानंतर एका सकाळी तांबू हंबरली. बाई फोन शोधतात तोवर तिने दावं तोडलं, पडदा फाडला आणि सरळ ममताकडे गेली. तिथे मोकळी सोडलेली कालवड तिच्या पाठीवर चढली. तांबू जागची हलली नाही.

ममता शेणाच्या हातांनी धावत आली. "बाई, तुमनी गाय आते खरी माजवर उनी! लगेच नका भरू, संध्याकायले बलावा डॉक्टरले, तव्हयच गाभ धरस."

कौसाबाईंचा तिळपापड झाला. पडद्याआड एकट्या गायीवर चढणार कोण आणि खरा माज कळणार कसा, हे त्यांना पटलं होतं. पण ते हिने सांगावं? वेळ टाळायला लावून माझी तांबू बाजारात धाडायची असेल हिला! त्या दिवसभर धुसफुसत राहिल्या. फोन मात्र संध्याकाळीच केला.

तांबू गाभण ठरली. पडदा उतरला. "गोठ्यात वारा येत नव्हता," असं बाईंनी गावभर सांगितलं.

दोन्ही गायी व्यायल्या, आणि दूध पुन्हा ममताकडेच जास्त. एके दिवशी सकाळी ममता घरात भाकरी थापत होती, आणि अंगणात तिची गाय पाठीवर चढलेल्या तांबूखाली निमूट उभी होती. बघणाऱ्या एकट्या कौसाबाई. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? त्या ओट्यावर टेकल्या, आधी पोटभर जळून घेतलं. मग हाक मारली, "ममता व, तुन्ही गाय उभी ऱ्हायनी! संध्याकायले बलाव डॉक्टरले."