खिळ्यांचा पट्टा
पावसाळी हवेत खुंटीवरच्या चामडी पट्ट्याला वास सुटला की निजामाच्या राज्यातली हिंगोलीच्या बाजाराची गाडीवाट आठवते. तिथं नाल्याच्या वळणावर बिबट्यानं आमची कुत्री गाडीमागून डोळ्यांदेखत उचलली होती. तिचं पिल्लू मोठं झालं तसा आईनं जुन्या मोटेच्या चामड्याचा पट्टा शिवला, टोकं बाहेर ठेवून त्यात खिळे ठोकले आणि त्याच्या गळ्यात बांधला. "आता धर म्हणावं नरडं," ती म्हणाली. पुढच्या बाजाराला बिबट्यानं त्याच वळणावर ते धरलं, आणि रक्ताळलेला जबडा घेऊन ओरडत रानात पळाला. "तोंड फाटलं, उपाशी मरंल की," गाडीवान हळहळला. "मरू दे!" आई म्हणाली. घरी मी पट्टा धुवायला घेतला, तर तिनं तो हिसकावला. "न्हाई धुवायचा." तिच्या माघारी मीही तो कधी धुतला नाही.