कमळाच्या सोयीनं

आमचे वडील जमिनीचा मुकदमा लढायला हैदराबादेस गेले आणि मुकदमा हरून, कमळाचं वेड घेऊन परत आले. कुण्या नवाबाच्या बागेत त्यांनी कमळांचा हौद पाहिला होता म्हणे. आल्या आल्या घरापुढचा जनावरांना पाणी पाजायचा हौद फोडून त्यांनी चांगला मोठा करून घेतला. बैलांनी पाणी कुठं प्यायचं, हा प्रश्न बैलांचा!

पहिल्या साली हौदात ताजं शेण ओतलं. कंद कुजले आणि असा वास सुटला, की हट्टा गावाहून आलेले पाहुणे वेशीवरच खुशाली विचारून माघारी फिरले. दुसऱ्या साली अक्कल आली. तळ्यातला काळा गाळ, जुनं मुरलेलं खत, कंद आडवा, कोंब वर. पाणी आधी वीतभर, मग पान वर येईल तसं वाढवायचं. हे सगळं वडील स्वतःच्या हातानं करत. आम्हा लेकरांना गोवर आला, तेव्हा कोण कुठं निजलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं; कोणत्या पानाला किडा लागलाय हे मात्र बराबर ठाऊक. मळ्यातली मिरची वाळली, पण हौद कधी वाळला नाही.

अशात मला स्थळ आलं, औंढ्याकडचं. मुलगा मला पसंत होता, सरळच सांगते. नागनाथाच्या जत्रेत मी त्याला पाहिलं होतं. रांगेत म्हाताऱ्यांना पुढं घालून स्वतः मागं मागं राहत होता. तेव्हा मुलीची पसंती कुणी विचारत नसे, म्हणून मी ती कुणाला सांगितली नाही. पण जीव टांगणीला लागला होता.

आता अडचण अशी, की मी काळी. सावळी-बिवळी नाही, काळी. आमच्याकडं अशी पोरगी दिवेलागणीला दाखवायची रीत. समईचा मंद उजेड, डोक्यावरून पदर. अर्धं काम अंधारच करतो. माझ्या दोन्ही मावश्या अशाच खपल्या होत्या. आई म्हणाली, "पाव्हण्यांना सांजच्याला बोलवा."

"सांजच्याला? त्या टायमाला फूल मिटलेलं राहतंय!"

"अवं, पोरगी दाखवायची हाय का फूल?"

"दोन्ही दाखवू की. त्यात काय तकलीफ हाय?"

पाहुणे सकाळी आले. ऊन चांगलं वर चढलेलं. मला हौदाच्या काठावर उभं केलं, कारण तिथून देखावा नीट दिसे. फुलांचा. भगभगीत ऊन आणि शेजारी ते गुलाबी फूल! एखाद्या वैऱ्यानं जागा निवडली असती, तरी इतकी बराबर निवडली नसती. मुलाच्या वडिलांनी मला विचारलं, "काय काय येतं, बाई?" मी तोंड उघडायच्या आत आमचे वडील म्हणाले, "अजून लई कळ्या येतात." मुलगा माझ्याकडं बघत होता का फुलाकडं, नागनाथाला ठाऊक.

आठवड्याभरानं त्यांचा एक नातलग निरोप घेऊन आला. दाराआड आई, आईच्या मागं मी. तो खाली बघत बोलला, "पोरगी रंगानं जरा... मंडळींचा विचार न्हाई. पण कमळाचे एक-दोन कंद मिळाले तर लई उपकार व्हतील. मुलाच्या वडलांचं मन बसलंय त्याच्यावर."

वडिलांचा राग पंचक्रोशीत मशहूर. मला वाटलं, आता ह्याला जोड्यानं हाणतात. कशाचं काय! त्यांचा चेहरा खुलला. "म्हंजे पसंत पडलं म्हणा की!" असं म्हणून धोतर खोचून ते हौदात उतरलेसुद्धा. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. त्या मुलाचाही नाही.

चांगले जाडजूड कंद त्यांनी निवडून काढले, ओल्या पोत्यात गुंडाळले आणि चिखलात उभं राहून पाहुण्याला बजावू लागले. "उन्हात ठिवू नका. नवी जागा हाय, एकदम खोल पाण्यात घालू नका. सुरवातीला मान टाकंल, घाबरू नका, जरा संभाळून घ्या. लई लाडात वाढलंय."

तेवढ्यात आई बाहेर आली. परक्या पुरुषापुढं कधी न येणारी आई. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ. तिनं पोत्याला हळदीकुंकू लावलं, पोत्याची ओटी भरली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आमचं लेकरू तुमच्या घरी देऊन राहिलो. सासरी कुणी टाकून बोलू नका."

पाहुण्याला काय करावं कळेना. बिचाऱ्यानं पोत्याला हात जोडले.

वडील गुडघाभर चिखलात तसेच उभे. पोत्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, मग त्यांनी मला हाक मारली. मी दाराआडून आत सरकले आणि भांडी घासायला बसले. त्यांनी परत हाक मारली, तशी मी मोठा हंडा ओढून घेतला आणि दणादणा घासायला लागले.