बेलव्ह्यूचे टॉवर आणि आमची चिमणी

पाटसहून शिरूरला जाताना एसटीत शेजारी बसलेले गृहस्थ लेकाकडं अमेरिकेला राहून आले होते. मोबाइलवर तिथल्या उपनगरांचे फोटो मला दाखवत होते, प्रत्येक टॉवरला अंगठा लावून उंची मापत.

"ह्या बेलव्ह्यूपुढं ते मघाच्या फोटूतलं क्लेटन फिकंच. आन् ही नुसती शहराच्या कडंची उपनगरं हायत, बरं का."

मग त्यांनी खिडकीतून साखर कारखान्याच्या चिमणीलाही अंगठा लावला. "आपल्याकडं काय, तर हे धुराडं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या धुराड्याखाली माझा बाप बॉयलरवर राबला, म्हणून घरात मी पहिला पदवीधर झालो.

"मामा, तुमचा लेक कशावर शिकला?"

"उसावरच की," ते म्हणाले, आणि पुन्हा बेलव्ह्यू मोठं करून बघू लागले. चिमणी मागं पडेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.