फ्लेक्सवरचा ओंकार

मित्रांनो, आमच्या कासारवाडीचा ओंकार, कॉलेजच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, परवा सरावात कोसळला आणि गेला. विशीचंच पोर. टीमकडून फोटो घेऊन श्रद्धांजलीचा फ्लेक्स मी चौकात लावला.

आज तिथेच चहा पीत होतो. मागे दोघे बोलत होते.

"यातला गेला कोण रे?"

"तो कोपऱ्यातला. मोठा फोटो शेठचा हाय."

"मला वाटलं शेठच गेले."

हसू आलं. मग वर पाहिलं. फ्लेक्सभर हात जोडलेला मीच होतो. चहा तसाच ठेवला.

तेवढ्यात ओंकारची आई आली. "दादा, फ्लेक्स उतरवला की तेवढा कोपरा कापून द्याल? जर्सीतला त्याचा फोटो आमच्याकडं न्हाई."

मी लगेच शिडी मागवली, फ्लेक्स उतरवला, कोपरा कापून दिला.

हात जोडलेला मी अजून गाडीत पडलोय. कुठे टाकू?