शंकूची मागची बाजू

आमच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या खोलीबाहेर पायातलं काढून ठेवावं लागे. कारण धुळीचं सांगत, पण दसऱ्याला त्याच्या पडद्यालाही कुंकवाचं बोट लागलं. हसायची सोय नव्हती, कारण नारळ मीच फोडला होता.

संध्याकाळच्या वर्गांना मी ड्रॉइंग शिकवायचो. फळ्यावर शंकू काढायचा, तो तिरपा कापायचा आणि काप कसा दिसेल ते विचारायचं. निम्मे चेहरे कोरे राहत. म्हणून त्या वर्षी अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून मी एक प्रोग्रॅम लिहिला. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा शंकू, त्यात तिरपा काप, आणि सगळं सावकाश गोल फिरणारं. बायको म्हणाली, यंदाचा फराळ त्या डब्यालाच नेऊन द्या.

पहिल्या दिवशी पोरांनी टाळ्या पिटल्या. मागे एकच गृहस्थ गप्प होते. हिंगण्याच्या कारखान्यात टर्नर, लेथच्या यंत्रावर फिरतं लोखंड तासून गोल करणारे, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. ड्यूटी संपली की कंपनीच्या बसने थेट वर्गाला येत. ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झालेले, आणि ही शेवटची संधी. पास झाले तर ड्राफ्ट्समनची, बसून ड्रॉइंग काढायची जागा मिळणार होती. नाहीतर दुखरी कंबर घेऊन लेथसमोर उभं राहणं होतंच.

"सर," ते म्हणाले, "शंकू एकीकडं फिरून राहिला अन् काप दुसरीकडं."

मी पहिल्यापासून तापट. "दोनदा नापास झालेल्यांनी मशीनच्या चुका काढू नयेत," असं भर वर्गात बोलून गेलो. ते खाली बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या पिशवीतून लाकडी शंकू काढला. स्वतः लेथवर उतरवलेला, तिरपा कापून खिळ्याने परत जोडलेला. पडद्यावरच्यासारखीच एक रेघ त्यांनी कापाच्या सगळ्यात उंच टोकातून लाल रंगाने ओढली होती. शंकू पडद्याशेजारी धरून ते फिरवू लागले. लाकडात रेघ आणि टोक सोबत फिरत होती. पडद्यावर पाव फेरीतच दोघांची फारकत झाली.

कापाच्या गणितात माझं एक उणे चिन्ह राहून गेलं होतं. नुसत्या रेघांचा शंकू सगळीकडून सारखाच दिसतो, म्हणून ते त्यांच्याखेरीज कुणालाच कळलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोललो होतो भर वर्गात, म्हणून माफीही भर वर्गात मागितली.

"असं नका म्हणू जी," ते म्हणाले. "बावीस वर्सं शंकू फिरवून राहिलो, पन मी उभा एकाच बाजूनं. मांगून तो कसा दिसते, हे मले तुमच्या मशीननंच दाखवलं."

परीक्षेत लाकडी शंकू आत नेऊ देईनात. ते डोळे मिटून रिकामी मूठ हवेत फिरवत बसले. पर्यवेक्षकाला संशय आला, तो मला विचारायला आला. "फिरवू द्या त्यांना," मी म्हटलं.

तो कॉम्प्युटर पुढे कुठल्या भंगारात गेला कोण जाणे. त्यांनी मला देऊन टाकलेला शंकू अजून माझ्या टेबलावर आहे. त्याची लाल रेघ दिसली की ते दिवस फार आठवतात.

पास झाल्याचं सांगायला ते आले, तेव्हा मी कॉम्प्युटरच्या खोलीत होतो. सवयीने ते दाराशी वाकून बुटाची नाडी सोडू लागले. त्या कमरेला वाकणं किती जड जातं, हे मला ठाऊक होतं.

"राहू द्या," मी म्हटलं. "तुम्ही तसेच आत या."