सोमवारचे मासे

दुसरा कोणी आला की आधी माणसांची चौकशी करतो. हा आधी पाण्याची करायचा. हातात पांढरं ओगराळं. त्यात पाणी घ्यायचं, उन्हात धरून एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "डासीण फसत नाही, वहिनी."

हा आरोग्य खात्याचा हिवतापवाला, मूळचा सावंतवाडीकडचा. डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर दर आठवड्याला फिरायचा.

त्या वर्षी गावात हिवताप होता, आणि माझी लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली. याने माझ्या विहिरीतून कळशी काढली, ओगराळ्यात ओतली आणि म्हणाला, "आहेत. डासांचे किडे."

मी भडकले. तळाचा दगड दिसतो असं माझं पाणी! "गटार शेजारणीचं, नि किडे माझे?"

"तापाची डासीण स्वच्छ पाणीच बघते. पाय टेकून चव घेते, मग अंडी घालते. औषध टाकू?"

"देवाला पाणी इथलं जातं. टाकून बघा, ओगराळ्यासकट आत जाल."

तो रागावला नाही. परसात तीन मडकी मांडली. एकात गटाराचं पाणी, एकात माझ्या विहिरीचं. तिसऱ्यातही विहिरीचंच, पण त्यात बोटाएवढे मासे दिवसभर ठेवून काढलेले. किडे गटाराच्याच मडक्यात होणार, असं मी त्याला बजावलं.

पाचव्या दिवशी बघितलं. गटाराच्या पाण्यात किडे डोकं खाली करून लटकत होते. तो म्हणाला, "हे नुसती झोप मोडतात." माझ्या पाण्यात ते वरच आडवे पडलेले. "हे ताप आणतात." तिसऱ्या मडक्यात एकही किडा नाही.

"डासिणीला माशांचा वास येतो. पोरं खाणाऱ्याच्या दारात कोण बाळंत होईल?"

लेक मागे पोटावर हात ठेवून उभी होती. हरले मी. मडकी मातीत उपडी केली.

पण एक अडचण होतीच. "विहिरीत मासे सोडले तर सोमवारी ते पाणी चालेल?" सोमवारी आमच्या चुलीवर मासळी चढत नाही.

तो हसला नाही. त्याच्या घरीही सोमवार होता. विचार करून म्हणाला, "सोमवारी तुम्ही खाऊ नका. त्यांना खाऊ द्या."

मासे सोडले. नात झाली. लेकीचं अंग एक दिवसही तापलं नाही. बारशाला हा आला तो आधी विहिरीवर, मग पाळण्याकडे.

बदली झाली तेव्हा माझेच मासे बाटलीत भरून घेऊन गेला, मये गावच्या विहिरींत सोडायला. परत आला नाही. आता आहे की नाही, ठाऊक नाही.

परवा खात्याची नवी बाई आली. पाणी बघून म्हणाली, "मावशी, एक किडा नाही. औषध कुठलं टाकता?"

"औषध नाही गे बाय. जेवणारे ठेवलेत. सोमवारीसुद्धा जेवतात."

ती कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिने पिशवीतून रिकामी बाटली काढली.